वडापावाएवढी बॅटरी

मध्यम आकाराच्या एका वडापावात साधारण 300 किलोकॅलरी असतात. विजेच्या मापात तेच मोजलं तर सुमारे 350 वॉट-अवर. माझ्या ई-सायकलची बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची आहे. गुणाकार केला की 360 वॉट-अवर. म्हणजे ज्या वस्तूसाठी मी हजारो रुपये मोजले, जिला रोज संध्याकाळी जपून चार्जिंगला लावतो, तिच्यात मावते ऊर्जा एका वडापावाची. फार तर सोबतची तळलेली मिरची धरा.

फरक पडतो तो पचनात. आपलं शरीर खाल्लेल्यातलं जेमतेम 20 ते 25 टक्के पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीचं घाम आणि उष्णता. मोटर मात्र पाऊण हिश्श्याच्या वर चाकाला देते. म्हणून एक वडापाव खाऊन मी पुण्यात वारज्याहून फार तर शिवाजीनगरपर्यंत जाईन, बॅटरी मात्र माझ्या पायांची थोडी साथ घेऊन 30 किलोमीटर काढते.

पेट्रोलशी तुलना करायची तर आणखी गंमत. 360 वॉट-अवर म्हणजे सुमारे 40 मिलिलिटर पेट्रोल, कटिंगचा ग्लाससुद्धा भरणार नाही. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्यात पावणेदोन किलोमीटर जाऊन बंद पडेल.

आणि खर्च? चार्जरमधली गळती धरून एका वेळी अर्ध्या युनिटच्याही आत वीज लागते. युनिटला 10 रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत काम. ‘मायलेज किती देते?’ असं सिग्नलला कुणी विचारलं (रोज कुणीतरी विचारतंच) की मी हाच हिशोब सांगतो. समोरचा मग हमखास दुसरा प्रश्न टाकतो : ‘उतारावर चार्ज होते का?’

नाही होत. बहुतेक सायकलींच्या चाकातल्या मोटरमध्ये एक क्लच असतो. आपण नुसतं घरंगळत असलो की तो सुटतो आणि चाक मोटरला न ओढता मोकळं फिरतं. मोटर फिरलीच नाही तर वीज कुठून येणार? काही मोटरींना क्लच नसतो, त्या थोडीफार वीज परत देतात, पण सायकलीचं वजन आणि वेग इतका कमी की वसुली जेमतेमच. चांदणी चौकाचा उतार फुकट गेला म्हणून हळहळू नका.

लायसन नको, बिल्ला नको

ई-सायकलला आरटीओत जावं लागत नाही, ही गोष्ट अजून निम्म्या लोकांना पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला नियम स्पष्ट आहे. मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी, वेग 25 किलोमीटरच्या पुढे नाही, तर ते मोटार वाहनच नव्हे. नंबरप्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. पॅडल मारल्यावर मदत करणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे : वेग 25 ला पोचला किंवा पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. झालं.

गंमत अशी की आपल्या आजोबांच्या साध्या सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. डबलसीट सापडलात तर वेगळाच प्रसाद. नातवाच्या मोटर असलेल्या सायकलीला त्यातलं काहीही नाही.

मात्र एक पथ्य. डिस्प्लेच्या मेनूत जाऊन वेगाची मर्यादा उठवता येते, हे शोधायला हल्लीच्या पोरांना दहा मिनिटंही लागत नाहीत. ती उठवली की त्याच क्षणी तुमची सायकल कायद्याच्या नजरेत बिननंबरची, बिनविम्याची मोटारसायकल होते. अपघात झाला तर ते महागात पडेल.

जपानी लोक यात फार काटेकोर. तिथे ताशी 10 किलोमीटरपर्यंत मोटर तुमच्या जोराच्या दुप्पट मदत करू शकते, पुढे ती मदत आटत जाते आणि 24 ला शून्य. ही असली मोजूनमापून मदत करणारी पहिली मोठी व्यापारी सायकलही जपानचीच, यामाहाची, 1993 सालची.

पण विजेची सायकल त्याहून कितीतरी जुनी. 1881 साली गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर तीनचाकी चालवली होती. आणि अमेरिकेत ओहायोमधल्या ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाला विजेच्या सायकलचं पेटंट मिळालं ते 31 डिसेंबर 1895 रोजी. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात. आज माझ्या सायकलीत नेमकी तीच मांडणी आहे. बोल्टनच्या कागदावरची बॅटरी होती 10 व्होल्टची आणि मोटर खेचणार होती 100 अँपिअरपर्यंत. गुणाकार करा : 1,000 वॉट. आपल्या नियमाच्या चौपट. पहिली ई-सायकलच बेकायदा!

पुण्यात मात्र या घराण्याची खरी आजी वेगळी आहे. 1972 साली फिरोदियांनी बाजारात आणलेली लूना. पॅडलही आणि मोटरही, अशी ती जात. पेट्रोल संपलं की पाय मारत घरी. 2024 मध्ये लूना विजेवर परत आली, पण सायकलीसारखी नव्हे, स्कूटरसारखी. पॅडलचा वारसा ई-सायकलकडे गेला असं मी मानतो.

बॅटरी थोडी खोटं बोलते

पहिला दचका चार्जरवर बसतो. बॅटरीवर लिहिलंय 36 व्होल्ट आणि चार्जरवर 42. दुकानदारानं चुकीचा दिला की काय? नाही. आत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर 4.2. दहानं गुणा, दोन्ही आकडे बरोबर. 48 व्होल्टवाल्यांत तेरा सेल असतात, म्हणून त्यांच्या चार्जरवर 54.6 असा चमत्कारिक आकडा दिसतो. हे एकदा कळलं की शेजाऱ्याचा चार्जर ‘लागतोय की’ म्हणून लावायचा मोह होत नाही. पिन बसते, पण व्होल्ट बसत नाहीत. लिथियमला जास्तीचे व्होल्ट अजिबात सोसत नाहीत.

हे सेल दिसतात टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलच्या थोरल्या भावासारखे. नाव 18650, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर उंच. माझ्या बॅटरीत दहाच्या चार रांगा, एकूण चाळीस. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं 1991 मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं 2019 मध्ये. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. नोबेल मिळालेले ते सर्वांत वयस्कर.

आता खोटेपणाबद्दल. डिस्प्लेवर चार कांड्या. चढ लागतो, बघता बघता दोन होतात. छातीत धस्स. चढ संपतो, परत चार. बॅटरी भरली का? छे. जोर लावला की बॅटरीचा दाब तेवढ्यापुरता खाली बसतो आणि डिस्प्ले बिचारा दाब बघूनच कांड्या दाखवतो. चढावर नळाची धार बारीक झाली म्हणून टाकी रिकामी झाली असं नसतं. खरा आकडा बघायचा तर सपाटीवर, पाय थांबवून बघा.

ऊन मात्र तिचा खरा वैरी. युरोपातले लोक बर्फात बॅटरी कशी जपायची यावर काथ्याकूट करतात, कारण शून्याच्या खाली चार्जिंग केलं तर सेलच्या आत लिथियमचा थर चढून बसतो. आपला प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सायकल दिवसभर तापली की बॅटरीचं आयुष्य गुपचूप घटत जातं. दुपारी काढून सोबत न्या, आणि तापलेली आणली की लगेच चार्जरला लावू नका. आधी तुम्ही पाणी प्या, तोवर तीही निवते.

आणि कोकणात महिनाभर जाणार असाल तर? पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामी तर मुळीच नको. निम्मी भरून ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू इतकी खाली जाते की तिच्या आतलं राखणदार सर्किट पुन्हा चार्जिंगच घेऊ देत नाही. दरवाजा आतून बंद.

चार्जिंग रात्री सगळे झोपल्यावर, मुख्य दाराशी, चपलांच्या रॅकवर करू नका, हे मी ओरडून सांगतो. न्यूयॉर्कमध्ये स्वस्तातल्या, कुठून कुठून जोडलेल्या बॅटऱ्यांनी इतक्या आगी लावल्या की सप्टेंबर 2023 पासून तिथे तपासणीचा शिक्का नसलेली ई-सायकल विकायलाच बंदी आहे. मूळ चार्जर, जागे असताना, मोकळ्या जागी. एवढं पुरतं.

माझ्या बॅटरीचा आकार काळ्या नळकांड्यासारखा. ती काढून हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरलो की शेजारचे काका न चुकता विचारतात, ‘आज कुणावर डागणार?’ काकांना माहीत नाही, विमानतळावर हाच विनोद फार गंभीरपणे घेतात. 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात सामानातही जात नाही आणि हातातही नाही. ई-सायकलच्या छोट्या बॅटऱ्यासुद्धा सहसा 200 च्या वर असतात. लेहला सायकल न्यायची तर रस्त्यानं.

मोटर मेली, असं वाटतं तेव्हा

घेतल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कर्वे पुतळ्यापाशी माझी सायकल मेली. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, वेगही दिसतोय, फक्त मागून येणारा तो ओळखीचा धक्का नाही. 24 किलोचं धूड नुसत्या पायांनी शिवाजीनगरपर्यंत रेटलं. घामानं निथळत दुकानदाराला फोन केला. मी व्होल्ट, कंट्रोलर वगैरे शब्द नुकतेच शिकलो होतो, ते सगळे वापरले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘साहेब, हँडलला काही अडकवलंय का?’

‘डब्याची पिशवी आहे. का?’

‘ती काढा आधी.’

काढली. मोटर चालू. पिशवीच्या बंदानं ब्रेकची दांडी किंचित, दोन-तीन मिलिमीटर, ओढून धरली होती. ई-सायकलच्या ब्रेकमध्ये छोटा लोहचुंबक आणि स्विच असतो. दांडी जराशी हलली की मोटरची वीज तोडायची, एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं चोख बजावलं होतं. भाजी-पोळीच्या वजनानं माझी मोटर बंद पाडली होती. तेव्हापासून डबा पाठीवर. पुढे पावसाळ्यात गंजून दांडी पुरती मागे येईनाशी झाली तेव्हा मी दुकानदाराला फोन केला नाही. तेलाचे दोन थेंब टाकले.

दुसरा नेहमीचा संशयित पायाशी बसलेला असतो. पॅडलच्या आसापाशी बारीक लोहचुंबकांची एक तबकडी असते, तुम्ही पाय मारताय की नाही हे मोटरला सांगणारी. तिच्यात आणि शेजारच्या सेन्सरमध्ये दोन-चार मिलिमीटरचंच अंतर हवं. चिखल बसला, तबकडी सरकली की मोटर समजते, साहेब नुसते बसलेत. ओल्या फडक्यानं पुसा, बोटानं जागेवर ढकला. आणि सर्व्हिसिंगला कुणी ती तबकडी उलटी बसवली तर? मग पॅडल उलटं मारल्यावर मोटर चालते. मी हे एका मित्राच्या सायकलीवर स्वतः पाहिलंय. तो दोन दिवस तसाच चालवत होता.

तिसरा संशयित म्हणजे जोड. वायरींच्या जोडांवर दोन बारीक बाण असतात. बाणाला बाण भिडवून सरळ दाबायचं, पिळायचं नाही. पिळलं की आतल्या केसाएवढ्या पिना वाकतात आणि मग खरोखर दुकान गाठावं लागतं. पावसाच्या आधी एकेक जोड उघडून, पुसून, परत दाबला तर वर्षभराचे निम्मे आजार टळतात. वायर कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटच्या, डब्यात शिरण्यापूर्वी जरा खाली झोळ खाऊन शिरली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. घरावर डिशची वायर बसवणाऱ्या कुणालाही हे विचारा.

डिस्प्लेवर आकडे आले की मात्र लोक घाबरतात. बऱ्याच सायकलींवर 30 येतो. त्याचा अर्थ एवढाच की डिस्प्ले आणि कंट्रोलर यांचं बोलणं बंद झालंय. नवरा-बायकोचं होतं तसं. उपायही तोच : सगळं बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, जोड तपासा, पुन्हा सुरू करा. बाकीच्या आकड्यांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो. 21 म्हणजे एकीकडे वेगाचा सेन्सर, तर दुसरीकडे भलतंच. तेव्हा गल्लीतल्या पोराचं ऐकून भाग बदलू नका, आपल्या सायकलचं पुस्तक बघा.

बॅटरी बसवताना कधी कधी ‘चट्’ आवाज होऊन ठिणगी दिसते. बिघाड नव्हे. कंट्रोलरमधले कपॅसिटर क्षणात वीज पिऊन घेतात, त्याची ती चट्. स्विच बंद ठेवून बॅटरी बसवली तर सहसा तीही होत नाही.

आणि मोटरच्या आतून घरघर ऐकू आली तर? चाकातल्या बहुतेक मोटरींमध्ये तीन छोटे नायलॉनचे गिअर असतात, मधल्या सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. इंजिनिअर त्यांना म्हणतातही ग्रहच. मोटर आत फार वेगानं फिरते, हे ग्रह तो वेग उतरवून चाकाला जोर देतात. नायलॉन यासाठी की आवाज होऊ नये. झिजले की घरघर सुरू. ग्रहांची शांत करून उपयोग नाही, ग्रह बदलून घ्यायचे.

पाणी किती चालतं, हे ‘आयपी’ लिहिलेल्या आकड्यांत असतं. शेवटचा आकडा 4 असेल तर शिंतोडे चालतील. 7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास. या दोन आकड्यांत न येणारी एक गोष्ट : गाडी धुण्याच्या सेंटरवरचा पाण्याचा फवारा. ब्रेकच्या दांडीचा गंज सोडला तर पुण्याच्या पावसात अडीच वर्षांत माझ्या सायकलला काही झालं नाही, पण तो फवारा तिच्या आसांतलं ग्रीस आणि जोडांतली कोरड दोन मिनिटांत घालवतो. बादली आणि फडकं, बस.

‘शॉक बसंल ना साहेब’

मागच्या चाकात मोटर आहे हे कळलं की पंक्चरवाले दोन पावलं मागे सरकतात. एकदा सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता तीन जणांनी मला हात जोडले. तिसऱ्यानं तर शॉकचं कारण सांगितलं. चौथे होते एक म्हातारे चाचा, वडाच्या झाडाखाली पेटी मांडून बसलेले. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, मोटरच्या डब्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, ‘चाक कशाला खोलायचं?’

सायकल आडवी केली. टायरच्या एका बाजूला दोन पट्ट्या घालून कड बाहेर काढली. ट्यूब तेवढ्याच जागेतून हातभर बाहेर ओढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. बुडबुडे. घासलं, सोल्युशन, पट्टी, हातोडीचे दोन ठोके. वायरीला हातसुद्धा लावला नाही. पंधरा मिनिटं. पैसे साध्या सायकलचेच घेतले, मी जास्त देत होतो तरी.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंक्चर काढायला चाक काढावं लागत नाही. ट्यूब बदलायची असेल तरच काढावं लागतं, आणि त्याला लागतो बहुधा 18 नंबरचा पाना, जो गल्लीतल्या सायकलवाल्याच्या पेटीत असेलच असं नाही. तो आपणच विकत घेऊन सीटखालच्या पिशवीत ठेवावा. चाक काढण्यापूर्वी मोबाईलवर वॉशरांचा फोटो काढा. त्यातला एक दात असलेला वॉशर मोटरचा आस फिरू नये म्हणून असतो. तो राहिला तर मोटर चाकाऐवजी आसालाच फिरवते आणि वायरी पिळून तोडते.

एक चांगली बातमीही आहे. जुन्या काळ्या सायकलला रबरी नळी घातलेला व्हॉल्व्ह असायचा. नळी सुकली की हवा गेली. ई-सायकलींना बहुधा स्कूटरचाच व्हॉल्व्ह असतो. पेट्रोलपंपावर फुकट हवा भरता येते. पेट्रोल न घेता पंपावर रांगेत उभं राहण्यात जे सुख आहे ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. आणि हवा आठवड्याला खरंच बघा, कारण मऊ टायर बॅटरी खातो. रेंज कमी झाली म्हणून बॅटरी बदलायला निघालेल्या एका ओळखीच्यांना मी आधी पंप दिला होता.

स्पोकांचंही तसंच. मोटरचं वजन आणि तिचा हिसका दोन्ही मागच्या स्पोकांवर. नवी सायकल दोनशे किलोमीटर चालली की एकदा स्पोक ताणून घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागत नाही, जुना सायकलवाला हे कानानं ऐकून करतो. तंबोरा लावल्यासारखा.

नटवानटवी

चाळीस हजारांची सायकल आणि घंटी तीस रुपयांची, असं कंपन्यांना का वाटतं कोण जाणे. ई-सायकलला आवाज नाही. ती मागून अचानक उगवते, आणि लक्ष्मी रोडवर माणसं दचकून बाजूला होण्याऐवजी समोर येतात. म्हणून पहिली खरेदी मोठ्या पितळी टोपीच्या, टणत्कार करणाऱ्या घंटीची. हॉर्न नको. हॉर्नला पुण्यात कुणी बाजूला होत नाही, घंटीला अजून होतात.

दुसरी खरेदी आरसा. डावीकडे नाही, उजवीकडे. तिसरी पूर्ण मडगार्ड. या सायकली दिसायला दणकट, पण मडगार्ड वीतभर. पावसाळ्यात ऑफिसला पोचल्यावर पाठीवर चिखलाचा जो पट्टा उमटतो त्यावरून शिपायानं मला ‘नदीपात्रातून आलात का’ असं विचारलं होतं. चौथी, कॅरिअर. पण दोन्ही बाजूंना पिशव्या लावण्याआधी बघा, टाच लागते का. माझी लागत होती.

दिव्यांची गोष्ट मला फार आवडते. आधी रॉकेलचे दिवे होते, मग कार्बाइडचे. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो जळायचा. सायकलच्या हँडलवर चक्क गॅसचा कारखाना. मग डायनॅमो आला, 6 व्होल्ट, 3 वॉटचा. तीन वॉट ऐकायला काहीच नाहीत, पण टायरला घासणारा तो डायनॅमो लावला की पाय कसे जड व्हायचे ते ज्यांनी चालवलंय त्यांना विचारा. आता दिवा मोठ्या बॅटरीतूनच जळतो आणि तिला पत्ताही लागत नाही. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, जुन्या सायकलींचं वेड असेल तर एक रविवार तिकडे काढा.

रिफ्लेक्टर काढून टाकू नका, ‘लूक’ बिघडतो म्हणून. त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या पाठीमागे शेकडो बारीक कोपरे असतात. खोलीच्या कोपऱ्यात जशा तीन भिंती एकत्र येतात तसे. अशा कोपऱ्यात प्रकाश कुठूनही आला तरी तीन टप्पे खाऊन आला तिकडेच परत जातो. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर याच तत्त्वाचे शंभर कोपरे ठेवले. पृथ्वीवरून लेसर सोडला की त्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. म्हणजे तुमच्या मडगार्डवर जे आहे त्याचा भाऊ चंद्रावर आहे.

फुकटची ॲक्सेसरी हवी असेल तर वजाचं बटण दाबून धरा. बऱ्याच सायकली मग चालण्याच्या वेगानं, ताशी 6 किलोमीटरच्या आसपास, स्वतःच पुढे सरकतात. सोसायटीच्या तळघरातून रॅम्पवर सायकल चढवताना आपण नुसतं हँडल धरायचं. कुत्रा फिरवावा तसं. मला हे आठ महिन्यांनी कळलं, तोवर कंबर दुखत होती.

कुलूप जाड घ्या. आणि फक्त मोबाईलवर उघडणारी सायकल घेताना क्षणभर थांबा. नेदरलँड्समधली व्हॅनमूफ कंपनी फार हुशार. पाठवताना सायकली फुटायच्या, म्हणून तिनं खोक्यावर मोठ्या टीव्हीचं चित्र छापलं. खोक्यात सायकलच, पण हमाल टीव्ही समजून जपून ठेवू लागले आणि मोडतोड 70 ते 80 टक्क्यांनी कमी झाली. तीच कंपनी जुलै 2023 मध्ये दिवाळखोर निघाली. सर्व्हर बंद पडला तर सायकल उघडायची कशी, म्हणून ग्राहकांची झोप उडाली. शेवटी प्रतिस्पर्धी कंपनीनं, काउबॉयनं, त्यांच्या डिजिटल किल्ल्या वाचवणारं ॲप काढलं. माझ्या कुलपाला पितळी किल्ली आहे. दोन आहेत, एक देव्हाऱ्यात.

राहता राहिला सिग्नलवरचा तिसरा प्रश्न, जो जरा हिणवूनच विचारला जातो : ‘मग व्यायाम कसला होतो?’ 2019 मध्ये युरोपातल्या सात शहरांतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ई-सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण मदत मिळते म्हणून ते जास्त लांब जातात. लपवायचं काही नाही. लपवलं ते बेल्जियमच्या एका सायकलपटूनं. जानेवारी 2016 च्या जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत तिच्या सायकलच्या नळीत मोटर सापडली आणि सहा वर्षांची बंदी आली. आपण मोटर उघड मिरवतो. जर्मनीत 2023 साली पहिल्यांदाच साध्या सायकलींपेक्षा ई-सायकली जास्त विकल्या गेल्या, चीनमध्ये विजेच्या दुचाक्या तीस कोटींच्या वर आहेत. तिथे सिग्नलला कुणी काही विचारत नसेल.

माझ्या डिस्प्लेवर आज सकाळी 5,214 किलोमीटर दिसले. त्यात मोटरचा बिघाड एकही नाही, डब्याची पिशवी मोजत नसाल तर. कंट्रोलरचा नाही. बॅटरीचा नाही. पंक्चर अकरा, त्यातली नऊ मागच्या चाकात.

चाचा अजून त्याच वडाखाली बसतात. दुपारी एक ते तीन जेवायला जातात, तेवढं बघून पंक्चर करा.